भांडण दादाशी, केकशी नाही

मिसनी आम्हाला घर दिलं ते हिंगामुळे.

माझी बायको मृणाल बँकेत अधिकारी. तिची कोलकात्याला बदली झाली तेव्हा माझं ऑफिस लॅपटॉपमध्येच असल्यामुळे मीही मागोमाग निघालो. सई, आमची मुलगी, पहिलीत जायची होती. डमडमला एका दुमजली घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं मृणालच्या एका सहकाऱ्यानं कळवलं. घरमालकीण बंगाली ख्रिश्चन आहेत, शाळेत शिवण शिकवायच्या, लग्न केलेलं नाही, खाली एकट्याच राहतात आणि जरा विक्षिप्त आहेत, असंही त्यानं सांगून ठेवलं.

घर बघायला गेलो तर त्यांनी पगार विचारला नाही, की किती वर्षं राहणार ते विचारलं नाही. लाल कोब्याच्या व्हरांड्यात आम्हाला बसवलं आणि विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

"मी," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"फोडणीत काय घालता?"

"मोहरी, हळद, हिंग."

"हिंग?" त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "रोज हिंग?"

मी मान हलवली. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आधीचे लोक बाहेरून डबे मागवायचे. माझ्या जिन्याला कसला वासच नव्हता. असं घर म्हणजे वेटिंग रूम."

बँकेचे अधिकारी मृणाल राहायला येणार एवढंच त्यांना आधी सांगितलेलं होतं. बंगालमध्ये मृणाल हे पुरुषाचं नाव. त्यामुळे किल्ली देताना त्या मला म्हणाल्या, "या, मृणालबाबू." मी खुलासा केला. मृणाल ही माझी बायको, बँकेत ती आहे, मी अमुक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक आली, "ओ मृणालबाबू, पाणी आलंय." पुढे आम्ही तिथून निघेपर्यंत मी मृणालबाबू आणि मृणाल बौमा, म्हणजे सूनबाई. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत लागलं नाही.

सगळी गल्ली त्यांना मिस म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. बारीक अंगाच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. कोणीही भेटलं की आधी त्याच्या कपड्याचं टोक उलटून शिवण बघायच्या. कुरियरवाल्याचा शर्ट, मृणालच्या साडीचा फॉल, चर्चमधून आलेल्या फादरांचा झगासुद्धा. शिवण चांगली असेल तर नुसती मान हलवायच्या. वाईट असेल तर म्हणायच्या, "कोणी फसवलं तुम्हाला?"

विमानतळ जवळ. विमानं घरावरून इतकी खालून जायची की बोलणं ऐकू येत नसे. इतर माणसं अशा वेळी आवाज चढवतात. मिस थांबायच्या. शब्द अर्धा तर अर्धा. विमान गेलं की त्याच अर्ध्या शब्दापासून पुढे बोलायच्या. सईला हे इतकं आवडलं की ती शाळेतही तसंच करू लागली आणि तिच्या बाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं.

त्यांची हिंदी बंगाली वळणाची होती. तिच्यात बायका 'जाता है' आणि ट्रक 'जाती है'. माझी हिंदी मराठी वळणाची. तरी आमचं अडलं नाही. मी वर फोडणी दिली की खालून निकाल यायचा. "आज मोहरी करपली." "आज कढीपत्ता शिळा आहे." एकदा मी मीटिंगमध्ये अडकलो आणि नुसती खिचडी लावली, तर त्या जिना चढून वर आल्या. तब्येत बरी आहे ना, विचारायला.

पहिल्या दिवाळीत मी शंकरपाळी केली आणि ताटली खाली नेऊन दिली. त्यांनी एक शंकरपाळं उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं. "कापलंय सरळ," म्हणाल्या. मग खाल्लं. मग म्हणाल्या, "बडोदिनाला पुन्हा करा. डबाभर."

बडोदिन म्हणजे नाताळ. मिसच्या घरी तो दुर्गापूजेचे मांडव उतरले की सुरू व्हायचा. बेदाणे, काजू, पेठा, संत्र्याची साखरेत घोळवलेली साल असं सगळं त्या व्हरांड्यात बसून कातरीनं बारीक करायच्या. ही कातर फक्त फळांची. शिवणाची कातर निराळी. चुकून सईनं फळांच्या कातरीनं कागद कापला तर त्यांनी ती पोरीच्या हातातून काढून घेतली, उकळत्या पाण्यात टाकली आणि सईला मात्र मूठभर काजू दिले. कापलेली फळं पत्र्याच्या मोठ्या डब्यात, वर रम. रम आणायचं काम माझ्याकडे आलं. "मला इथे सगळे ओळखतात," मिस म्हणाल्या. "तुम्ही बाहेरचे. तुम्ही बिघडलात तरी कोणाला वाईट वाटणार नाही."

केक मात्र घरी होत नसे. एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत जुनी बेकरी आहे. डिसेंबरात तिथे लोक आपापलं सामान घेऊन येतात, मोठ्या परातीत आपल्यासमोर मिश्रण फेटून घेतात आणि बेकरीच्या भट्टीत केक भाजून नेतात. कुटुंबंच्या कुटुंबं आपल्या परातीभोवती उभी असतात. पहिल्या वर्षी डबा उचलायला म्हणून मिसनी मला बरोबर नेलं. आम्ही डमडमहून मेट्रोनं गेलो. मी डबा टेबलावर ठेवला. मैदा आणि साखर मिसच्या पिशवीत होती. मी विचारलं, "अंडी आणि लोणी?"

"ते हावड्याच्या माणसाकडे."

तेवढ्यात हावड्याचा माणूस आलाच. मिसच्याच चेहऱ्याचा, तेवढाच ताठ, कोट आणि मफलर घातलेला एक म्हातारा गृहस्थ. एका हातात अंडी-लोण्याची पिशवी, दुसऱ्यात अॅल्युमिनियमचे केकचे साचे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाह्या वर केल्या आणि परातीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

थोड्या वेळानं ते गृहस्थ मला म्हणाले, "यांना सांगा, साखर आधी."

मिस मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, मला माहीत आहे."

"सांगा, मागच्या वेळी गुठळ्या झाल्या होत्या."

"सांगा, लोणी थंड आणलं होतं म्हणून."

परात हातभर रुंद, मी मध्ये. जे दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होतं ते मी इमानानं इकडून तिकडे पोचवत होतो. मिश्रण मात्र देखणं झालं. दोघांचे हात एका लयीत फिरत होते, एकाचा थकला की दुसरा न सांगता घ्यायचा. केक भाजून आले, निम्मे त्यांनी घेतले, निम्मे मिसनी, आणि दोघं दोन दिशांना चालू लागले.

परतताना मी विचारलं, "कोण ते?"

"माझा दादा."

"आणि बोलत नाही तुम्ही?"

"नाही."

"मग केक एकत्र कसा?"

मिसना माझा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, "भांडण दादाशी आहे. केकशी नाही."

दुसऱ्या वर्षीही सगळं तसंच झालं. फक्त दादा लोणी विसरून आले. मिसनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. दादा माझ्यामागून पुन्हापुन्हा म्हणत राहिले, "मी घेतलं होतं. पिशवीत होतं." त्या दिवशी डमडमला उतरल्यावर मिस एवढंच म्हणाल्या, "दादा लोणी विसरत नाही." त्यांना हावड्याचा माणूस न म्हणता दादा असं स्वतःहून म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या वर्षी दादा आलेच नाहीत.

आम्ही परात मांडून उभे. आमची पाळी आली. मिसनी मागच्या कुटुंबाला पुढे जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्यांना. भट्टीवाला दोनदा येऊन विचारून गेला. मी म्हटलं, "मिस, फोन करू या."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"मी बोलतो."

"नंबर नाही. गरजच पडली नाही कधी. तो येतो."

दाराबाहेर उजेड कलायला लागला तसं त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि म्हणाल्या, "चला."

"घरी?"

"हावड्याला."

एस्प्लनेडहून हावड्याला नदीखालून मेट्रो जाते. ती सुरू झाली तेव्हा अख्खं शहर हौसेनं जाऊन आलं होतं. मिसनी मात्र ठाम नकार दिला होता. "नदी वरून ओलांडायची असते. खाली पुरतात." म्हणून मी लाँचच्या धक्क्याकडे वळलो, तर त्यांनी माझी बाही धरली. "कशानं लवकर पोचू?" मी मेट्रोचं नाव घेतलं. त्या मुकाट्यानं जिना उतरल्या. गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि डब्यावर दोन्ही हात ठेवले होते. गाडी हावड्याला थांबली तेव्हा विचारलं, "झाली नदी?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि उतरल्या.

हावडा मैदानामागच्या त्या गल्लीत लेथची छोटी छोटी वर्कशॉप्स होती. दादांचंही कधीकाळी तिथे ओतकामाचं दुकान होतं. केकचे साचे त्यांनी स्वतः घडवलेले. मिस त्या घरी कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या, पण वळणं त्यांना विचारावी लागली नाहीत.

दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत दादा खुर्चीत बसले होते. कोट, मफलर, पॉलिश केलेले बूट. साचे पायाशी आणि मांडीवर अंडी-लोण्याची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. लोणी हातांच्या उबेनं मऊ होऊन कागदातून पाझरलं होतं आणि पँटवर मोठा डाग पडला होता. शेजारची एक बाई आमचा आवाज ऐकून आली. म्हणाली, "सकाळपासून असेच तयार होऊन बसलेत. कुठे जायचंय विचारलं तर म्हणतात, आठवलं की निघतो."

दादांची पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. तो दर रविवारी फोन करायचा आणि दादा त्याला दर रविवारी 'सगळं ठीक' म्हणून सांगायचे, हेही तिनंच सांगितलं.

दादांनी मान वर केली. मिसकडे पाहिलं. आणि अगदी रोज बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "किती उशीर केलास, खुकू?"

खुकू म्हणजे छोटी, छकुली. मिस उंबऱ्यात थांबल्या. मला वाटलं, आता या माझ्याकडे वळून 'त्यांना सांगा' म्हणणार. मी तयारही होतो.

"रस्त्यात गर्दी होती, दादा," मिस म्हणाल्या.

"आई काळजी करत असेल."

मिसनी जवळ जाऊन पिशवी त्यांच्या हातातून सोडवली, खाली वाकल्या आणि आपल्या पदरानं पँटवरचं लोणी पुसायला लागल्या. डाग निघणारा नव्हता. त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी आम्ही दादांना टॅक्सीनं डमडमला आणलं. मिसची खाट दादांना दिली, मिससाठी आमच्याकडची घडीची खाट मी खाली नेली. मृणालनं दादांच्या मुलाला फोन लावून सगळं सांगितलं. मिस टेबलापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन संपल्यावर म्हणाल्या, "त्याला सांगायचं राहिलं. दादा आता इथेच राहील."

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. दादा सकाळी उठले की विचारायचे, "आई कुठे आहे?" आणि मिस सांगायच्या, "आई गेली, दादा." मिसना खोटं बोलता येत नसे. सईनं मोठ्या हौसेनं काढून दिलेल्या हत्तीलाही त्यांनी 'वाईट झालाय' म्हटलं होतं. दादांना ते दर वेळी नवीन असायचं. ते लहान मुलासारखे रडायचे, आम्हाला वरपर्यंत ऐकू यायचं. मग दुपारी विसरायचे आणि पुन्हा विचारायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस वर आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. मी शंकरपाळी तळत होतो, मृणाल पीठ लाटत होती. मृणालनंच विषय काढला. "मिस, त्यांना रोज नव्यानं का सांगता? झोपलीय म्हणा, बाहेर गेलीय म्हणा."

मिस कढईकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी दादाशी का बोलत नव्हते, माहीत आहे?"

मग त्यांनी सांगितलं. आई शेवटी दादांकडे हावड्याला होती. डिसेंबरातच तिचं जास्त झालं. मिस त्या दिवशी बेकरीत होत्या. दादांनी निरोप पाठवला असता तर त्या वेळेत पोचल्या असत्या. पाठवला नाही. मिस केक घेऊन गेल्या तेव्हा आई गेलेली होती. "केक अजून गरम होता, मृणालबाबू. दादा म्हणाला, आईनंच सांगितलं, खुकूला बोलावू नको, तिचं काम होऊ दे. मी म्हटलं, आई काहीही म्हणेल, तुला कळायला नको होतं? त्यानंतर बोलले नाही."

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"मी फळं घेऊन बेकरीत गेले. तो अंडी घेऊन उभा होता."

कढईतली शंकरपाळी मी काढून घेतली. मिस म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते भांडण सांभाळलं. आता तो विसरला. मी एकटीनं कसं सांभाळू?" आणि मग मृणालला म्हणाल्या, "मला कळवलं नाही म्हणून मी दादाशी बोलले नाही. आता मीच त्याच्यापासून लपवू, बौमा?"

मृणालनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो संपवला, जाताना ताटलीतलं एक शंकरपाळं उचललं आणि "खालचे कोपरे जाड राहिलेत" असं सांगून गेल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही सगळेच बेकरीत गेलो, दादांसकट. गर्दी बघून ते बिचकले, माझा दंड धरून उभे राहिले. पण परात समोर आली तशी त्यांनी न सांगता कोट काढला आणि बाह्या वर केल्या. मिसनी मैदा पुढे केला.

"साखर आधी," दादा मिसना म्हणाले.

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर मैदा का घेतलास?"

"नुसता हातात घेतला. घातला का?"

"तू घालणार होतीस."

दोघं परातीवर वाकून, फेटता फेटता, मनसोक्त वाद घालत होते. त्यांना इतकी वर्षं ओळखणारा भट्टीवाला हातातलं फावडं थांबवून बघत राहिला. मला त्या दिवशी काही काम उरलं नाही.

नाताळच्या सकाळी मिस दादांना चर्चला घेऊन गेल्या. दुपारी जेवण खाली. मिसनी मटण आणि घीभात केला होता, नव्या खजुरी गुळाची खीर केली होती. मी बटाट्याची सुकी भाजी आणि डबाभर शंकरपाळी नेली. दादा खुशीत होते. सईला त्यांनी साचे कसे ओतायचे ते सांगितलं, तेच पुन्हा सांगितलं, आणि सईनंही दोन्ही वेळा तेवढ्याच कौतुकानं ऐकलं.

शेवटी केक कापला. दादांनी स्वतःचा तुकडा घेण्याआधी एक मोठा तुकडा वेगळा काढला, बशीत ठेवला, वर दुसरी बशी पालथी घातली. "हा आईचा," म्हणाले.

आम्ही तिघं मिसकडे बघायला लागलो. मिस खीर वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आई कुठे आहे?" दादांनी विचारलं.

मिसनी खीर पूर्ण वाढली. डाव पातेल्यात नीट ठेवला. मग म्हणाल्या, "झोपलीय, दादा."

"मग उठवू नको तिला. दमते ती." आणि ते खीर खायला लागले.

जेवण झाल्यावर दादा जरा लवंडले. मी भांडी विसळायला मागे गेलो. मिस ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वरची बशी काढली आणि तो तुकडा उभ्या उभ्याच खायला घेतला. त्यांचं पोट भरलेलं होतं, तुकडा मोठा होता. तरी अगदी सावकाश, शेवटच्या बेदाण्यापर्यंत, सगळा खाल्ला. मग बोटानं कण टिपून बशी तशीच, न धुता, टेबलावर नेऊन ठेवली.

दादा उठले ते थेट टेबलाशी गेले. रिकामी बशी उचलून पाहिली.

"आईनं खाल्ला?"

"खाल्ला," मिस म्हणाल्या.

"काय म्हणाली?"

मिसनी क्षणभर विचार केला. "चांगला झालाय म्हणाली. पण जरा कोरडा आहे."

दादा हसले. खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसले आणि म्हणाले, "दर वर्षी हेच म्हणते."